चादर कुणी धरली?

कामं उरकून बसला असाल, नाहीतर हातातलं काम करता करता ऐकत असाल. आज आपण पांढऱ्या चादरीचा इतिहास बघणार आहोत. अंथरुणावर घालायची साधी चादर. तिचा फोटोशी आणि सिनेमाशी जुना संबंध आहे, आणि तो संबंध जोडणाऱ्या हातांत एक हात आपल्यासारख्या संसारी बाईचा होता.

हा विषय घेण्याचं कारणही सांगते. हल्ली बऱ्याच गटांचा माल मोबाइलवरच्या फोटोवर विकला जातो. मसाला, पापड, लोणची, गोधड्या. माल चांगला असतो, पण फोटोत पापड काळपट दिसतो, गोधडीचा रंग उतरतो, आणि गटातल्या बायकांचा फोटो काढला तर पदराखाली चेहरेच दिसत नाहीत. मग कुणी म्हणतं, दिवे विकत घ्या, चांगला फोन घ्या. पैसे खर्चायच्या आधी ही गोष्ट ऐका.

कॅमेऱ्याला सगळ्यात आधी उजेड लागतो. आजचा मोबाइल संध्याकाळच्या अंधुक उजेडातही फोटो काढतो. जुन्या काळी तसं नव्हतं. काचेवर किंवा फिल्मवर औषधाचा थर असायचा, तो उजेडाला फार हळू दाद द्यायचा. भरपूर उजेड असल्याशिवाय चित्र उमटायचंच नाही. म्हणून जुने फोटो स्टुडिओ वरच्या मजल्यावर असत, त्यांचं छप्पर किंवा एक बाजू काचेची असे, आणि ती काच शक्यतो उत्तरेकडे ठेवत. आपल्याकडे उत्तरेकडून थेट ऊन फारसं येत नाही, पण उजेड बराच वेळ सारखा राहतो. माणसाला काचेजवळ बसवायचं, आणि चेहऱ्याची जी बाजू सावलीत जाईल तिकडे पांढरा पडदा उभा करायचा. काचेतून आलेला उजेड पडद्यावर पडून परत चेहऱ्यावर यायचा. विजेचे दिवे नव्हते तेव्हा फोटोग्राफर असेच काम करत.

घरातल्याच वस्तू वापरून मोठं काम केलेली एक बाई त्या काळात होऊन गेली. तिचं नाव ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. जन्म १८१५ सालचा, आपल्या कोलकात्यातला. पुढे ती इंग्लंडला गेली. १८६३ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, तिच्या मुलीने तिला कॅमेरा भेट दिला. तोवर तिने फोटोग्राफीचं काम केलेलं नव्हतं. तिने घराच्या आवारातलं कोंबड्यांचं काचेचं खुराडं रिकामं केलं आणि त्याचा स्टुडिओ केला. कोळसा ठेवायची खोली होती, तिथे फोटो धुवायची अंधारी खोली केली. घरातल्या मोलकरणींना, शेजाऱ्यापाजाऱ्यांना समोर बसवून तिने काढलेले फोटो आज मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत.

पुढे हलती चित्रं आली आणि उजेडाची भूक आणखी वाढली. कारण साधं आहे. हाताने दांडा फिरवायच्या कॅमेऱ्यात एका सेकंदात साधारण सोळा चित्रं निघायची. म्हणजे एकेका चित्राला उजेड मिळायचा तो डोळ्याची पापणी लवायच्या आतला. अमेरिकेत एडिसनने १८९३ मध्ये चित्रीकरणासाठी एक खोली बांधली. तिचं छप्पर उघडायचं, आणि सगळी खोली रुळावर फिरवता यायची. ऊन सरकलं की खोली उन्हाकडे वळवायची! फ्रान्समध्ये मेलिएस नावाच्या जादूगाराने १८९७ मध्ये काचेचा स्टुडिओ बांधला. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी उन्हासाठी इमारती बांधल्या. ज्यांच्याकडे नव्हता त्यांनी काय केलं? त्यासाठी आता मुंबईत, दादरला जाऊ.

दादासाहेब फाळक्यांचं नाव तुम्हाला ठाऊक आहे. धुंडिराज गोविंद फाळके, जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७० सालचा. त्यांनी चित्रकला आणि फोटोग्राफी शिकून घेतली होती, गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढून पाहिला होता, छापखानाही चालवला होता. १९०२ मध्ये त्यांचं सरस्वतीबाईंशी लग्न झालं. हे त्यांचं दुसरं लग्न. पहिली बायको आणि मूल प्लेगने गेलं होतं. सरस्वतीबाईंना पुढे सगळे काकी म्हणू लागले, आपणही तेच म्हणू.

१९१०-११ च्या सुमारास दादासाहेबांनी मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. तो पाहताना त्यांच्या मनात आपले राम आणि कृष्ण उभे राहिले. मग ते काकींना घेऊन तोच चित्रपट पुन्हा पाहायला गेले. आपल्या देवांचे, आपल्या पुराणांतले चित्रपट आपल्या माणसांनी करायचे, असं त्यांच्या मनाने घेतलं. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून ते लंडनला गेले आणि १९१२ च्या एप्रिलमध्ये परत आले. कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र यांची व्यवस्था त्यांनी तिकडेच केली होती.

पण सावकाराला दाखवायला काहीतरी हवं. म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला, आणि महिनाभर थोडं थोडं चित्र घेत राहिले. कोंब फुटतो आणि बघता बघता वेल वर चढतो, असा मिनिटभराचा चित्रपट तयार झाला. 'अंकुराची वाढ' असं त्याचं नाव. तो पाहून काही लोकांनी कर्ज दिलं. तरीही पैसा पुरला नाही, तेव्हा काकींनी अंगावरचे दागिने दिले. दागिन्यांची ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. बाईने दागिने दिले की त्याची गोष्ट होते. मला त्यापुढचं काम महत्त्वाचं वाटतं, कारण दागिने एकदा द्यायचे असतात आणि काम रोज करायचं असतं.

त्या वेळी कच्ची फिल्म कोरी यायची. तिच्या दोन्ही कडांना भोकं नसायची, ती आपण पाडायची. त्या भोकांत दाते अडकतात, तेव्हा फिल्म कॅमेऱ्यात पुढे सरकते. भोक जरा इकडचं तिकडे पडलं की चित्र थरथरतं. आणि हे सगळं अंधारात करायचं, कारण उजेड लागला की फिल्म वाया. काकी हे काम शिकल्या. दिवसाची कामं आटोपली की रात्री अंधाऱ्या खोलीत बसून त्या यंत्रावर भोकं पाडत.

जरा हिशेब करू. एका फुटात सोळा चित्रं, एका चित्राला एका कडेला चार भोकं. म्हणजे फुटाला दोन्ही कडांची मिळून १२८ भोकं. 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट सुमारे ३,७०० फूट लांब होता. एका प्रतीत पावणेपाच लाखांच्या आसपास भोकं झाली! यंत्र होतं हे खरं, पण यंत्र चालवायला अंधारात बसणारं माणूस लागतंच.

फिल्म धुवायची रसायनं कालवणं, धुतलेली फिल्म जोडणं, हेही काकी शिकल्या. शिवाय कंपनीतली सगळी माणसं त्यांच्याच घरी. दादरच्या बंगल्यात चित्रीकरण चालायचं, नट तिथेच राहायचे, आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक काकींच्या देखरेखीखाली व्हायचा. स्वतःची लहान मुलं होती ती वेगळीच.

आणि या सगळ्यात ती चादर. चित्रीकरण उन्हात व्हायचं. ऊन डोक्यावर आलं की काय होतं ते आपल्याला शेतात रोज दिसतं. कपाळ चमकतं, डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, डोक्यावर पदर असेल तर निम्मा चेहरा सावलीत जातो. पुराणातल्या गोष्टीत राजाच्या डोक्यावर मुकुट आणि राणीच्या डोक्यावर पदर असणारच. अशा वेळी समोर, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा बेताने, कुणीतरी पांढरी चादर ताणून उभं राहायचं. ऊन चादरीवर पडायचं आणि मऊ होऊन चेहऱ्यावर जायचं. डोळे दिसायचे. डोळे दिसले की राजाचं दुःख दिसायचं. हे चादर धरायचं काम काकी करत. तास न् तास, उन्हात उभ्या राहून.

यातली कारागिरी लक्षात घ्या. सूर्य सरकतो, तशी चादर वळवावी लागते. वारा आला की चादर फडफडते आणि चेहऱ्यावरचा उजेड हलतो, म्हणून ती ताठ धरावी लागते. नट पुढे आला की चादर मागे न्यावी लागते. ज्याने उजेड समजून घेतला आहे त्यालाच ते जमतं.

आता गंमत ऐका. त्या चित्रपटात काम करायला बाई मिळेना. जाहिरात देऊन झाली, नाटकमंडळींत विचारून झालं, पण त्या काळी सिनेमात उभं राहायला बायका तयार नव्हत्या. दादासाहेबांनी काकींनाच तारामती व्हा म्हटलं, पण बाकीचं सगळं मी बघते आहे, त्यात हे कसं करू, म्हणून त्या नको म्हणाल्या, असं सांगतात. शेवटी एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या तरुणाला तारामती केलं. चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला. लोकांनी पडद्यावर राणी पाहिली ती पुरुष होती. तिच्या चेहऱ्यावर उजेड टाकायला मात्र एक बाई उन्हात उभी राहिली होती.

लगेच पुढच्या 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. बायकांसाठी पडदा उघडला. त्यांची नावं इतिहासात आहेत, आणि असायलाच हवीत. 'राजा हरिश्चंद्र'ची माहिती कुठेही वाचा, तिथेही नावं सापडतात. दिग्दर्शक फाळके, कॅमेऱ्यावर त्र्यंबक तेलंग, हरिश्चंद्र दत्तात्रय दाबके, तारामती अण्णा साळुंके, रोहिदास म्हणजे फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. आता चादर धरणाऱ्याचं नाव कोणत्या रकान्यात लिहायचं? तसा रकानाच नसतो. काकींची आठवण पुष्कळ वर्षं दागिने देणारी आणि जेवण घालणारी बायको म्हणूनच झाली. २००९ साली आलेल्या परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या मराठी चित्रपटात त्या बरोबरीने राबताना दिसतात, तो मिळाला तर गटात एकत्र बसून जरूर बघा.

चादरीचं काम तिथे संपलं नाही. पुढे स्टुडिओत विजेचे मोठे दिवे आले. पण दिव्यांचा थेट उजेड कडक असतो, प्रत्येक वस्तूची काळी, धारदार सावली पाडतो. १९५६ साली सत्यजित राय यांचा 'अपराजितो' हा बंगाली चित्रपट आला. त्यात काशीतलं एक जुनं घर आहे. मधे चौक, भोवती खोल्या, अगदी आपल्याकडच्या वाड्यासारखं. ते घर कोलकात्याच्या स्टुडिओत उभं केलं होतं. चौकात वरून आभाळाचा उजेड येतो, तो सगळीकडून येतो आणि त्याला ठळक सावली नसते. स्टुडिओत तसा उजेड आणायचा कसा? सुब्रत मित्र नावाचे कॅमेरामन होते, वय पंचविशीचं. त्यांनी चौकाच्या वर पांढरं कापड ताणलं, आणि दिव्यांचं तोंड नटांकडे न करता वर कापडाकडे केलं. कापडावर पडून परत खाली आलेला उजेड अगदी आभाळासारखा होता. ही युक्ती पुढे जगभरचे कॅमेरामन वापरू लागले. आजही चित्रीकरणाच्या जागी गेलात तर पांढऱ्या थर्माकोलचे मोठे तुकडे धरून उभी असलेली माणसं दिसतील. काम तेच, फक्त चादरीच्या जागी थर्माकोल आला.

आता हे घरी कसं करायचं ते बघू. पोरं आरशाने भिंतीवर कवडसा पाडतात, तो तुम्ही पाहिला आहे. आरशाने किंवा स्टीलच्या परातीने उजेड फेकला तर तो कडक जातो आणि एकाच ठिकाणी पडतो. चादरीवरून आला तर मऊ होऊन पसरतो. चुना दिलेल्या खोलीत एका दिव्यात सगळं दिसतं, आणि धुराने काळ्या झालेल्या स्वयंपाकघरात दोन दिवे लावले तरी अंधार वाटतो, हे तुम्हाला माहीतच आहे. फोटोचं गणित एवढंच आहे.

मालाचा फोटो काढायचा असेल तर सकाळी किंवा उन्हं कलल्यावर, दाराजवळ किंवा ओसरीत बसा. थेट उन्हात नको. पापडाचं ताट असं ठेवा की दाराचा उजेड एका बाजूने येईल. दुसऱ्या बाजूला, ताटाच्या अगदी जवळ, काहीतरी पांढरं उभं करा. धुतलेलं धोतर चालेल, थर्माकोलचा तुकडा चालेल, पुठ्ठ्यावर चिकटवलेला कोरा कागद चालेल. मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा. पांढरी वस्तू जवळ-लांब करून बघा, सावली फिकी होताना आणि गडद होताना डोळ्यांना दिसेल. आवडेल तिथे थांबा. उजेड कमीच पडत असेल तर चिवड्याच्या पाकिटाची आतली चंदेरी बाजू पुठ्ठ्यावर चिकटवा, ती जास्त उजेड फेकते.

दोन गोष्टी सांभाळा. पहिली, रंग. पिवळी साडी धरली तर उजेडही पिवळा पडतो, आणि हिरवी चटणी भलतीच दिसते. गिऱ्हाइकाला खरा रंग दिसायला हवा, म्हणून पांढरंच वापरा. दुसरी, अति उजेड. पांढरा पापड पांढऱ्याच कापडावर ठेवला आणि दोन्हीकडून पांढरं लावलं, तर पापडाची कडच हरवते. तिथे एका बाजूला काळी घोंगडी उभी करा. काळं उजेड गिळतं, मग पापडाची कड आणि वरचे फोड उठून दिसतात.

माणसांचा फोटो असेल तर भर दुपारी काढू नका. काढायचाच झाला तर सगळ्यांना झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलीत उभं करा आणि उन्हात उभ्या राहिलेल्या दोघीजणी समोरून चादर ताणून उजेड सावलीत टाकू द्या. परातीचा किंवा आरशाचा कवडसा कुणाच्या डोळ्यांवर टाकू नका, लहान मुलांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या तर मुळीच नको. आणि चादर धरणाऱ्या दोघींच्या डोक्यावर पदर हवा, जवळ पाणी हवं, आणि थोड्या थोड्या वेळाने पाळी बदलायला हवी. काकी तास न् तास उभ्या राहिल्या म्हणून आपण कौतुक करतो, पण तसं कुणाला उभं ठेवणं बरोबर नाही. काम वाटून घेतलं तर गटाला अर्थ आहे.

आता शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या घरात आणि गटात चादर धरण्यासारखी कितीतरी कामं आहेत. बैठकीच्या आदल्या दिवशी घरोघरी निरोप देणारी असते. बँकेत जाणारीची मुलं सांभाळणारी असते. मसाला कुटायच्या आधी मिरच्यांची देठं काढणारी असते. फोटोत अध्यक्ष आणि सचिव येतात, त्यांनी यायलाच हवं. पण या बाकीच्या कामांना आपण मदत म्हणतो, काम म्हणत नाही. काम म्हटलं नाही की त्याची नोंद होत नाही. नोंद झाली नाही की नफा वाटताना, प्रशिक्षणाला कुणाला पाठवायचं ते ठरवताना, त्या बाईचं नाव कुणाला आठवत नाही. पुढे तिची लेक विचारते, आई तू गटात काय करायचीस, आणि आई म्हणते, काही नाही गं, असंच हाताखाली असायचे.

भारत सरकार चित्रपटासाठी सगळ्यात मोठा पुरस्कार देतं, तो दादासाहेब फाळक्यांच्या नावाने. १९६९ सालासाठीचा पहिला पुरस्कार एका बाईला, देविका राणी यांना मिळाला. त्यात आनंदच आहे. पण ज्या चित्रपटामुळे हे नाव झालं, त्याची फिल्म रात्री अंधारात बसून ज्यांनी तयार केली आणि दिवसा उन्हात उभं राहून ज्यांनी चादर धरली, त्यांचं नाव त्यासोबत घेतलं जात नाही. ते आपण घेऊ शकतो. सरस्वतीबाई फाळके. पोरांना दादासाहेबांचा धडा शिकवताना हे नाव जोडून सांगा.

आणि या महिन्यात एक करा. गटाच्या मालाचे फोटो काढाल, तेव्हा नोंदवहीत तारीख घाला आणि खाली तीन ओळी लिहा. माल कुणी मांडला, फोटो कुणी काढला, आणि चादर कुणी धरली. तिसरी ओळ विसरू नका.